कावळ्यांसाठी लावलेली टेप

मागच्या महिन्यात एकदा दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि वाऱ्यावर वास आला. सुक्या बोंबलाचा. आता भाईंदर पश्चिमेला सातव्या मजल्याच्या गच्चीवर उत्तनचा वास यायचं तसं काही कारण नाही. मध्ये मुर्धा आहे, राई आहे, डोंगरी आहे, मिठागरं आहेत, वर नव्या टॉवरांची रांग आहे. पण दिवाळी उलटली, हवा कोरडी पडली आणि दुपारचा वारा समुद्राकडून वळला की एखाद्या दिवशी येतो तो. शेजारच्या हंसाबेन तिथेच पापड वाळत घालत होत्या. नाक मुरडून म्हणाल्या, "रीटाबेन, ये गटर का स्मेल है क्या?" मी म्हटलं, "हां, गटर का ही होगा." आणि चिमटे गोळा करून खाली आले. जिना उतरताना स्वतःचीच लाज वाटली. ज्या वासात जन्मले, वाढले, त्याला गटार म्हणून मोकळी झाले मी! असं खोटं मला सहज जमतं. आणि गप्प बसणं तर त्याहून सहज.

खरं म्हणजे दुसऱ्याचं खोटं पकडणं हा माझा धंदा आहे. एका शाळेच्या ऑफिसात मी प्रवेशाचे कागद तपासते. जन्मदाखल्यावरचा शिक्का जरा जास्तच निळा दिसला की मी चष्मा पुसते. भाडेकरारावरची सही आणि अर्जावरची सही शेजारी शेजारी ठेवून बघते. समोरचा बाप घाम पुसायला लागला की समजायचं, पाणी मुरतंय. वीस वर्षं हेच केल्यावर स्वभावही तसाच होतो. नवरा म्हणतो, "तू स्वर्गाच्या दारात गेलीस तर देवाकडेच आधार कार्ड मागशील." मागेन की. विचारायला काय जातं?

तर अशा बाईला शेरलने तिचा अल्बम ऐकायला दिला.

शेरल म्हणजे माझ्या फिलूआत्याची नात, आत्याला ती माई म्हणते. फिलूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. उत्तनला आमच्या घराच्या अगदी समोर तिचं घर, मध्ये फक्त गल्ली. शेरल अंधेरीला कुठल्याशा स्टुडिओत जाहिरातींच्या आवाजांचं काम करते आणि उरलेल्या वेळात घरी बसून स्वतःचं काहीतरी वाजवते. वाजवते तरी कसं म्हणू, तिच्या खोलीत एकही वाद्य नाही. एक लॅपटॉप, वायरींचं जंजाळ आणि बटणांच्या दोन डब्या. मागच्या महिन्यात तिने आमच्या फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "हा माझा पहिला अल्बम. अँबियंट आहे. सगळ्यांनी ऐका आणि काय वाटलं ते दोन ओळींत लिहा. प्लीज, खरं लिहा."

अल्बम अठ्ठेचाळीस मिनिटांचा. दोन मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली, "सुपर्ब बेबी!" पाठोपाठ हात जोडलेले, फुलं, "गॉड ब्लेस", "प्राउड ऑफ यू". माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. ऐकलं कधी यांनी? एकानेही लिंक उघडली नसणार. मी ठरवलं, आपण ऐकायचं आणि मगच लिहायचं. कागद न वाचता शेरा मारणं आपल्याला जमत नाही.

रविवारी दुपारी जेवण आटोपून फोन लावला, खुर्चीत बसले. काहीच नाही. मग एक घूं... असा आवाज. तो सुरूच. मला वाटलं फ्रिज. उठून फ्रिज बंद केला, तरी घूं. मग वाटलं पाण्याचा पंप. तेवढ्यात दारावर हंसाबेन. "भाभी, आपका मोटर चालू रह गया क्या?" मी म्हटलं, "मोटर नहीं, म्यूझिक है." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मला त्यांचा रागही आला नाही. माझंही तेच मत होतं.

ना तबला, ना पेटी, ना शब्द. एक आवाज येतो, पसरतो, जातो कुठे ते कळत नाही. त्याच्या मागून दुसरा. मध्येच वाळू चाळल्यासारखी करकर. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी माझी खात्री पटली की ही पोरगी आमची परीक्षा बघतेय; घरातलं कोण कोण खोटं "सुपर्ब" म्हणतं ते तिला पाहायचंय. तिसऱ्या तुकड्यात वेगळाच संशय आला, हिला काही दुःख तर नाही? एवढी तरुण मुलगी, आणि इतकं एकटं का वाजवते? तिच्या आईला फोन करावा का? मी ऐकत होते आणि पुरावे गोळा करत होते. संगीत असं ऐकायचं नसतं, हे मलाही कळतं. पण आवाज अंगावर येत होता आणि कुठेतरी ओळखीचा वाटत होता, म्हणून जास्तच चीड येत होती. ओळखीचा चेहरा नाव सांगत नाही तेव्हा येते तशी.

चौथ्या तुकड्यात, घूं जरा बाजूला सरली, आणि टक, टक, टक. नखाने प्लास्टिकवर तीनदा. मग कोणीतरी घसा खाकरला. त्यानंतर एक बोलणं, पण शब्द एकही नाही. नुसता चढ, नुसता उतार, पाण्याखालून बोलल्यासारखा. आणि पुन्हा घूं.

माझ्या हातातला कप खाली ठेवला तो टेबलावर की जमिनीवर, आठवत नाही.

माझा बाप असा रेकॉर्ड करायचा. आधी टेपरेकॉर्डरवर नखाने तीनदा टकटक, मग खाकरायचं, मग बोलायचं.

पप्पा आखातात एका टगबोटीवर होते. त्या काळी फोन महाग आणि पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. मग ते कॅसेट पाठवायचे. गावातलं कोणी सुट्टीवर येताना दुधाच्या पावडरीचा डबा आणि कॅसेट घेऊन यायचं. कोरी कॅसेट नाही, गाण्यांचीच बाजारची. तिच्या वरच्या कडेची दोन भोकं चिकटपट्टीने बंद केली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होतं. ही युक्ती मोठ्यांना ठाऊक होती. मला नव्हती. शेवटची कॅसेट आली आणि तीन महिन्यांनी ते गेल्याची बातमी आली. छातीत कळ, एवढंच कळलं. माती तिकडेच झाली. घरी त्यांची पेटी आली, कपड्यांची. म्हणून ती कॅसेट म्हणजे घरात उरलेला बाप होता. आय, म्हणजे माझी आई, ती दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की लावायची. फिलूआत्या गल्ली ओलांडून यायची आणि उंबऱ्यावर बसून ऐकायची. दोनदा ती कॅसेट तिने घरी नेली होती. आय कुरकुरली तेव्हा म्हणाली होती, "माझ्या भावाचा आवाज हाय, माझाबी हक्क हाय."

तो हंगाम मला जसा आठवतो तसा दुसरा कुठलाच नाही. अकरा वर्षांची होते. बोट किनाऱ्याला लागली की बायका पाट्या घेऊन धावायच्या. बोंबील धुवायचे, दोन-दोन घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि वलांडीवर टाकायचे. वलांडी म्हणजे रोवलेले बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या. बोटं कापायची, मीठ झोंबायचं. आमची आणि आत्याची वलांडी एकच होती, एक बांबू आमच्या बाजूला, दुसरा तिच्या. दोरी ताणायला दोन माणसं लागतात: एकीने ओढून धरायची, दुसरीने गाठ मारायची. आय ओढायची, आत्या गाठ मारायची. दोघींची तोंडं सतत चालू. नणंद-भावजय अशा हसायच्या की शेजारणींना वाटायचं आपल्यावरच हसतायत.

आणि कावळे. मेले टपूनच असायचे. त्यांच्यासाठी आम्ही जुन्या कॅसेटींची टेप काढून वलांडीवर बांधायचो. उन्हात चकाकायची, वाऱ्यात थरथरायची, आणि वाजायची. घूं. वारा वाढला की सूर चढायचा. मी आत्याला विचारलं होतं, "आत्या, यात भरलेलं गाणं ऐकू येतं का गं?" ती म्हणाली, "कावल्यांना येतं. म्हनून तं पलतात." मी हसून हसून लोळले होते.

एके दिवशी आयने सांगितलं, "बिस्कुटाच्या डब्यात मोडक्या कॅसेटी हायत, त्यातली एक घे." मी डबा उघडला. वरच एक कॅसेट, सिनेमाच्या गाण्यांचं लेबल आणि कडेला चिकटपट्टी लावलेली. पप्पांची कॅसेट आय स्वतःच लावायची, मी ती हातात कधी घेतली नव्हती. मोडकी होती म्हणूनच चिकटवली असणार, नाही का? अकरा वर्षांच्या डोक्याने एवढाच हिशेब केला. वलांडीखाली बसून सगळी टेप उपसली, ह्या बांबूपासून त्या बांबूपर्यंत चांगली पाच-सहा पदरी बांधली. छान वाजत होती. सगळ्यांत छान तीच वाजत होती.

चार दिवसांनी, पुढचा रविवार यायच्या आधीच, पप्पांचा वर्षाचा मिस्सा होता. संध्याकाळी माणसं घरी जमली, आवाज ऐकायला. आयने डबा उघडला, सांडला, पलंग हलवला. "पट्टी लावलेली कॅसेट! कोनी बघितली का? पट्टी लावलेली!" तेव्हा मला कळलं. मी मागच्या दाराने वलांडीकडे धावले. बाकीच्या टेपा होत्या, माझी नव्हती. खाली टाकलेलं कॅसेटचं खोकंही नव्हतं. वाऱ्याने समुद्रात नेलं, असं मी धरून चालले. परत आले तर आय गल्लीत उभी. आत्याच्या दाराकडे बघत, सगळ्या माणसांदेखत म्हणत होती, "ज्यानं नेली त्यानं गुमान आनून ठेवावी. मेलेल्या मान्साची चोरी करू नये."

आत्या काही बोलली नाही. मान खाली घालून आत गेली. मीही काही बोलले नाही.

तेहतीस वर्षं. नवीन बांबू रोवले गेले, दोन वलांड्या झाल्या. आय तिचं नाव घेईनाशी झाली, नुसतं "समोरची". नाताळाची ताटं मात्र जायची यायची, माझ्या हातून. आत्याचा नवरा वारला तेव्हा आय चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि कोणाशी न बोलता घरी आली. आयची दोरी कायम ढिली. एकटीने कशी ताणणार? मी धरायचे, पण माझ्या हातात ती ताकद नव्हती, आणि दोरी धरली की मला तोंड वर करवत नसे. मोठी झाले की सांगू, म्हटलं. लग्न ठरलं की सांगू. पोर झालं की सांगू. सांगू सांगू म्हणता चव्वेचाळीसची झाले. मार बसेल याची भीती तर कधीच गेली होती. भीती वेगळीच होती: आय माझ्याकडे "समोरची"कडे बघते तशी बघेल.

तर त्या रविवारी मी शेरलला फोन केला. आवाज शक्य तितका ऑफिसातला ठेवला. "चौथ्या तुकड्यात काय वापरलंयस गं तू?"

"आंटी! तू खरंच ऐकलंस? चौथ्यापर्यंत?" बिचारी इतकी खूश झाली. "ती टेप आहे. माईच्या पेटीत मिळाली, काठीला गुंडाळलेली. माळ्यावर बांबूंबरोबर बाकीच्या टेपा पडल्यात त्या पार गेल्यात. ही एकटीच रुमालात बांधून ठेवलेली. सरळ करून नव्या खोक्यात भरायला मला वीस दिवस लागले. मग स्लो केली. आणि ती घूं आहे ना, ती पण टेपच आहे, वलांडीवर बांधून वाऱ्यात रेकॉर्ड केली."

"माईला विचारलंस, कसली टेप?"

"विचारलं ना. म्हणाली, कावळ्यांची." आणि पुढे म्हणाली, "ते खोकल्यासारखं येतं ते मलाही खटकतंय. उद्या नाही, पुढच्या सोमवारी फायनल कॉपी रिलीजला देतेय. काढून टाकू?"

"थांब," मी म्हटलं. "मी सांगते."

फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लिहायला हवं. म्हणजे आत्यानेच घेतली होती तर! आय बरोबर होती! तेहतीस वर्षांचं ओझं भसकन उतरलं. दोन मिनिटं मी अगदी मजेत होते. मग माझ्यातली कारकून जागी झाली. चोरायची तर डब्यातून चोरेल, काठीवर कशाला गुंडाळेल? आणि रुमालात बांधून ठेवेल, ते ऐकायला की लपवायला? कागद जुळत नव्हते. आठवडाभर मी तो चौथा तुकडा ऐकत राहिले. डबा भरताना, भांडी घासताना. कधी स्पष्ट वाटायचं, "रीटा, पाढे पाठ झाले का?" कधी नुसती खरखर. मला स्वतःच्या कानांवरही विश्वास बसेना. हवं ते ऐकायची सवय माणसाला असतेच. पण त्या घूंमध्ये एवढा वेळ बसल्यावर एक झालं. शब्द नाहीत म्हणून तिथे खोटं बोलायलाही जागा नाही.

पुढच्या रविवारी उत्तनला गेले. आधी आत्याकडे. ती ओट्यावर जवळा निवडत होती. मी शेजारी बसले, आणि प्रस्तावना न करता विचारलं, "आत्या, पप्पांची टेप तुझ्याकडे कशी?"

तिने मान वर केली नाही. "वलांडीवरशी काढली. तू बांधताना बघितलेलं मी; मागनं खोकं खाली पडलेलं दिसलं, पट्टी बघून वलखलं. तवापरेंत उनानं, खाऱ्या वाऱ्यानं पार चुरगलली व्हती. ऐकायसारखं काय उरलं न्हवतं."

"मग आयला का नाही सांगितलंस? त्या दिवशी गल्लीत का नाही बोललीस?"

"तू अकरा वर्सांची व्हतीस गं," ती म्हणाली. "नवरा गेला, त्याचा आवाज गेला. वर पोरीनं घालवला म्हनून सांगायचं? तिच्याजवल एक तूच उरली व्हतीस. मना नातवंडं व्हायची व्हती, मान्सं व्हती. मी सोसलं." आणि पुन्हा जवळा निवडायला लागली.

मी तिथे रडले. चांगली ढसाढसा रडले, लपवत नाही. एवढी वर्षं लोकांचे शिक्के तपासत बसलेली मी, आणि खरं माणूस समोरच्या दारात बसलं होतं ते मला दिसलं नाही.

मग गल्ली ओलांडली. आय वलांडीखाली उलट्या टपावर बसून बोंबील अडकवत होती. मी फोन दुसऱ्या टपावर ठेवला आणि पहिला तुकडा लावला. आय ऐकताक्षणी म्हणाली, "ही तं टेप वाजते. वलांडीवरची." मी ज्याला फ्रिज म्हटलं, पंप म्हटलं, ते तिने बघता बघता ओळखलं. मी चौथा लावला.

टक, टक, टक. खाकरणं.

तिच्या हातातले बोंबील तसेच राहिले. "परत लाव," म्हणाली. लावला. "परत." तिसऱ्यांदा झाल्यावर मी बोलून टाकलं. डबा, चिकटपट्टी, पाच-सहा पदर, वारा, सगळं.

आय माझ्याकडे बघत होती. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

"नि ती?" तिने विचारलं.

"तिने काढून ठेवली. रुमालात."

"तिला ठावं व्हतं, तू लावलीस?"

"हो."

"नि तरी ती बोलली न्हाय."

"नाही."

"तू पन न्हाय."

"नाही, आय."

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले, आणि गल्ली ओलांडून गेली. मी मागे. आत्या आता तिच्या वलांडीशी होती, एकटीच दोरी ओढत, एक पाय बांबूला लावून. या वयात! आय तिच्यापासून चार हातांवर थांबली. मला वाटलं आता माफी मागेल, किंवा दोघी रडतील. दोघींपैकी कोणाचा तसा स्वभाव नाही.

"फिलू," आय म्हणाली. "ढिली हाय ती."

आत्याने वळून पाहिलं. मग म्हणाली, "मंग धर की."

आयने दोरी धरली, पाय रोवले आणि ओढली. आत्याने गाठ मारली. एक झाली, दुसरी घेतली. मी पुढे झाले तर आय म्हणाली, "तू बाजूला हो." झाले. अंधार पडायच्या आत त्यांनी दोन्ही वलांड्या ताणून घेतल्या. माझ्याशी त्या दिवशी आय फार बोलली नाही. निघताना नेहमीसारखं बोंबलाचं पुडकं हातात दिलं आणि म्हणाली, "पुढल्या आयतवारी ये. तुझ्याशी बोलायचं हाय मना." जाणार आहे मी. काय ऐकायला लागेल ते ऐकणार आहे.

बसमध्ये पुडक्याच्या वासाने पुढच्या सीटवरची बाई दोनदा मागे वळली. म्हटलं, "बोंबील हैं, बाई. सूखे." आणि फोन काढला. शेरलला दोन ओळी द्यायच्या राहिल्या होत्या. पुष्कळ वेळ विचार करून लिहिलं:

"पूर्ण ऐकलं, खूपदा ऐकलं. हे संगीत आहे का, याबद्दल मला अजून शंका आहे. पण चौथ्यातलं खाकरणं काढू नको. तो तुझ्या माईच्या भावाचा आवाज आहे."